वहिनीची टाकी आधी की वहिनीचं काम आधी?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय, आज एकदाचं लिहून काढते, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं, जिंतूर तालुका. थोरल्या वहिनीला उज्ज्वलाचं कनेक्शन मिळालं २०१७ साली. मी तेव्हा गावातच होते. शेगडी आली, टाकी आली, वहिनीने शेगडीला हळदकुंकू लावलं, पहिला चहा गॅसवर झाला आणि मग दोन महिन्यांनी बघते तर टाकीवर कापड टाकून वर पिठाचा डबा ठेवलेला, आणि वहिनी परत चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली. विचारलं तर म्हणाली पाहुणे आले की पेटवते गं, रोज कशाला, जळण तर आहे की पडलेलं.

गेल्या दिवाळीत मी तिचं गॅसचं पुस्तक सहज चाळत होते. त्यात भरलेल्या टाक्यांच्या तारखा असतात ना, त्या बघितल्या. २०१८ ला दोन टाक्या. २०१९ ला तीन. २०२० ला लॉकडाऊनमध्ये तीन फुकट मिळाल्या त्या तीन, बाकी काही नाही. २०२१ ला परत दोन. आणि मग २०२२ च्या जूनपासून तारखा एकदम जवळ जवळ यायला लागल्या, पुढच्या वर्षभरात सात टाक्या! मी म्हटलं वहिनी हे काय, दादाचं पीक चांगलं आलं का त्या वर्षी? तर म्हणाली छे, सोयाबीन तर पाण्यात गेलं होतं, त्या जूनला मी शाळेत खिचडीवर लागले नाही का.

शाळेत पोषण आहार शिजवायला मदतनीस म्हणून लागली होती ती. मानधन आधी दीड हजार, नंतर अडीच हजार झालं. नऊच्या आत शाळेत पोचायचं, तांदूळ निवडायचा, दीडशे पोरांचं शिजवायचं, भांडी घासून तीनला घरी. त्याआधी घरचा स्वयंपाक, सासूबाईंचं पथ्याचं, दोघा पोरांचे डबे. चुलीवर हे सगळं करायचं तर साडेचारला उठायला लागायचं, आणि पावसाळ्यात जळण ओलं असलं की अर्धा तास नुसता धूर. तिने स्वतःच्या पैशातून टाकी भरायला सुरुवात केली, कुणाला विचारलं नाही.

अजून एक गोष्ट, ही बघून मी खरंच गप्प झाले. पुस्तकात मध्येच चार महिने एकही तारीख नव्हती. विचारलं तर म्हणाली तेव्हा मानधन थकलं होतं. म्हणजे मानधन थकलं की चूल, मानधन आलं की गॅस. (आणि शाळेत ती शिजवते ते अजूनही लाकडावरच, हे पण लिहून ठेवते.)

आपण नेहमी ऐकतो की गॅस आला की बाई मोकळी होते आणि कामाला लागते. आमच्या घरात उलटं झालं. काम आधी लागलं, मग गॅस पेटला, पाच वर्षं टाकी घरात असून. तुमच्या घरात, तुमच्या गावात कोणतं आधी झालं? मला खरंच जाणून घ्यायचंय.

सांख्यिक
ताई फार छान निरीक्षण. पुस्तकातल्या तारखा बघायचं कुणाला सुचत नाही, सगळे कनेक्शन मोजतात. आकडा बघायचा तर टाक्यांचा बघावा. उज्ज्वला १ मे २०१६ ला बलियाला सुरू झाली, आठ कोटी कनेक्शन सप्टेंबर २०१९ ला पूर्ण झाली, ते आठ कोटीवं तर आपल्याच औरंगाबादला दिलं होतं. पण उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी किती टाक्या भरल्या जातात? २०१९-२० ला तीन. २०२३-२४ पर्यंत जवळपास चार. चार-पाच माणसांच्या घरात सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर आठ-दहा तरी लागतात. म्हणजे तुमच्या वहिनीचं आधीचं पुस्तक हे देशाचं पुस्तक आहे.

आता काम आधी की इंधन आधी यावर. तुम्ही म्हणता त्याच्या उलट बाजूचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे, दक्षिण आफ्रिकेचा, टॅरिन डिंकलमन यांचा, २०११ साली आला. वर्णभेदाची राजवट संपल्यावर तिथे खेड्यांत वीज नेली, क्वाझुलु-नाताल प्रांतात. तिथल्या बायका लाकडावर शिजवायच्या, वीज आल्यावर बऱ्याच घरात विजेच्या शेगडीवर शिजायला लागलं, आणि पाचेक वर्षात बायकांचा रोजगार नऊ-साडेनऊ टक्के बिंदूंनी वाढला, म्हणजे दर शंभर बायकांमागे नऊ-साडेनऊ जास्त कामाला लागल्या. पुरुषांच्यात तसा ठळक फरक दिसला नाही. आता कुणी म्हणेल की वीज श्रीमंत गावात आधी गेली असेल, म्हणून रोजगार वाढला. तर त्यांनी जमिनीचा उतार वापरला. सपाटीवर तार ओढणं स्वस्त, डोंगरात महाग, त्यामुळे कुठल्या गावाला आधी वीज मिळाली हे बऱ्याच अंशी उतारावर ठरलं, गावच्या श्रीमंतीवर नाही. म्हणजे इंधन आधी, काम नंतर, हे पण खरं असू शकतं.

आजोळ
सांख्यिक, आपल्याकडे पण तसंच दिसतंय की. २०१७-१८ ला पंधरा वर्षांवरच्या बायकांतल्या २३ टक्के काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या होत्या, २०२३-२४ ला ४१.७ टक्के. आणि याच काळात गॅस घराघरात गेला. मग झालंच ना सिद्ध?

सांख्यिक
नाही हो, तिथे थांबायला हवं. दोन्ही रेषा वर गेल्या म्हणून एकीने दुसरीला वर नेलं असं होत नाही. ती वाढ कुठे झाली ते बघा, बरीचशी खेड्यात, आणि त्यातली मोठी वाढ स्वतःच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणाऱ्या बायकांची. सरकारी पाहणीत त्या 'कामात' मोजल्या जातात आणि ते बरोबरच आहे, पण गोदाकाठ ताईंच्या वहिनीसारखे पैसे त्यांच्या हातात येतात का? माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे.

वेळेचं पण सांगतो. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी होती २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. पाच तास! २०२४ ला परत पाहणी झाली, २८९ आली. पाच वर्षांत दहा मिनिटं कमी.

विडीवाली_पोर
मी सोलापूरची. हे वाचून राहवलं नाही म्हणून खास लॉगिन केलं.

आमची अम्मा विड्या वळायची, चाळीस वर्षं वळल्या तिने. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात भिजवलेली पानं, पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने कापायचं, भरायचं, वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याने बांधायचं. हजार विड्यांवर मजुरी. दिवसभरात हजार झाल्या पाहिजेत, आणि कारखान्यात नेल्यावर त्यातल्या छाट काढतात त्याचे पैसे नाहीत.

तर मुद्दा असा की आमच्या गल्लीत पैसे मोजायचं एककच विडी होतं. अम्मा म्हणायची एकदा चूल पेटवली की दीडशे विड्या गेल्या. सकाळी एकदा, संध्याकाळी परत. भुशाची शेगडी होती आमच्याकडे, लाकडाच्या वखारीतून भुसा आणायचा, मधोमध बाटली उभी धरून ठासून भरायचा, मग बाटली काढायची. तो भुसा भरण्यात पण विड्या जायच्या. म्हणून आमच्या अख्ख्या गल्लीत, एवढी गरिबी असून, बायकांनी आधी रॉकेलचा स्टो घेतला आणि नंतर गॅस, भिशीतून घेतला, उज्ज्वला वगैरे तेव्हा नव्हतं. नवरा यंत्रमागावर, त्याचा पगार घरभाड्याला आणि बाकीच्याला. गॅसचे पैसे अम्माच्या विड्यांतून. गॅस आला आणि दीडशे विड्या वाचल्या त्या तिने त्याच आठवड्यापासून वळल्या, आराम नाही केला, हे पण तितकंच खरं. तिचे डोळे धुरातून सुटले आणि तंबाखूत राहिले.

पण मला वाटतं गोदाकाठ ताई, तुमच्या वहिनीचं आणि अम्माचं एकच आहे. जिच्या तासाला भाव असतो तिला गॅस परवडतो. भाव नसेल तर टाकी फुकट दिली तरी महागच वाटते, कारण समोर जळण फुकट दिसतं आणि तिचा वेळ पण फुकटच धरलेला असतो.

गोदाकाठ
विडीवाली_पोर, "एकदा चूल पेटवली की दीडशे विड्या गेल्या" हे वाक्य मी वहिनीला वाचून दाखवणार आहे.

वऱ्हाडी_माती
यवतमाळकडून लिहितोय, घरची कपाशी आहे. माझं जरा वेगळं म्हणणं आहे, राग मानू नका.

आमच्याकडे जळण हे कामाबरोबरच घरी येतं. कापूस वेचायला बाया येतात, किलोवर मजुरी, सकाळी दव असतं तेव्हापासून ओटी बांधून वेचतात. हंगाम संपला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटायच्या, त्याच बाया उपटतात आणि भारे घरी नेतात, तुरीच्या तुराट्या पण. उन्हाळ्यात प्रत्येक घरामागे पऱ्हाट्यांची गंजी उभी असते, ती पोळ्यापर्यंत पुरते. आता सांगा, ज्या घरामागे महिनोन्महिने पुरेल असं जळण रचून ठेवलंय त्या घरात आठशे-नऊशेची टाकी कोण भरेल? मार्च २०२३ ला तर भाव अकराशेच्या वर गेला होता. सबसिडी मिळते पण आधी पूर्ण पैसे मोजा आणि मग खात्यात येणार, आणि मजुराकडे एकरकमी आठशे नसतात हो, दोनशे-तीनशे असतात रोजचे.

म्हणजे नुसतं बाई कामाला लागली म्हणून गॅस येत नाही, काम कुठलं त्यावर आहे. शेतातलं काम जळण घरात आणतं, शाळेतलं काम आणत नाही.

बदल मात्र दिसतोय एक. आता लोक पऱ्हाटी उपटत नाहीत, रोटाव्हेटर मारतात किंवा बारीक करून मातीत घालतात, बोंडअळीपायी पण आणि खत म्हणून पण. चांगलंच आहे मातीला. पण त्या दिवसापासून मजुराच्या घरामागची गंजी गेली. आता त्या बाया कुठे जातात? नाल्याकाठी, येड्या बाभळी तोडायला. माझ्या आईने मला हे दाखवलं, मी स्वतःहून बघितलं नव्हतं. रोटाव्हेटरचा निर्णय माझा, आणि मोळी वाढली ती दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर.

आजोळ
पण एक राहतंच, चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला नाही. आमच्या आजीला गॅसची भाकरी घशाखाली उतरायची नाही, आहारावर, म्हणजे निखाऱ्यावर, शेकलेली पाहिजे. बायका स्वतःच चूल सोडत नाहीत असं पण आहे.

विडीवाली_पोर
आजोळ, चव खरी आहे, मला पण आवडते. फक्त ती भाकरी थापणारीला विचारून बघा की रोज दोन वेळा आहारापुढे बसायची तिची तयारी आहे का. चुलीचा वैल, त्यावर मागे शिजत राहणारी डाळ, हे सगळं मला पण आठवतं. आणि अम्माचा खोकला पण आठवतो.

नैरोबीकर
इथे केनियात नऊ वर्षं झाली, नवऱ्याच्या नोकरीमुळे. इथलं सांगते, वऱ्हाडी_माती दादांनी एकरकमी पैशांचं म्हटलं त्यावरून आठवलं.

इथे शहरात लाकूड कमी, कोळसा जास्त. लोखंडी शेगडी, आतून मातीचं अस्तर, तिला जिको म्हणतात. कोळसा पोत्याने घेणारे वेगळे, बहुतेक बायका रोज एक डबा घेतात. पत्र्याच्या डब्याने मोजून विकायला कोपऱ्याकोपऱ्यावर बायकाच बसलेल्या. माझ्या घराजवळ एक मामा (इथे बाईला आदराने मामा म्हणतात, मला पहिले सहा महिने फार विचित्र वाटलं) पहाटे मंडाझी तळते, आपल्या गोडसर पुरीसारखा पाव, सोबत चहा. तिच्यासाठी इंधन म्हणजे घरखर्च नाही, भांडवल आहे. पाऊस आला, कोळसा ओला निघाला की त्या दिवसाचा धंदा बसला.

तर इथे आता अशी टाकी मिळते की तिला मीटर लावलेला असतो. टाकी घरात कंपनीच ठेवते, आणि मोबाईलवरून एम-पेसाने जेवढे शिलिंग भराल तेवढाच गॅस सुटतो, संपले की बंद. म्हणजे ती कोळसा जसा डब्याडब्याने घेते तसाच गॅस घेऊ शकते. रोज कमावणाऱ्या बाईला रोज विकत घेता येईल असं इंधन. आपल्याकडे चहा-साखर पुडीत मिळते, शॅम्पू मिळतो, गॅस मात्र १४.२ किलोच घ्या. पाच किलोची टाकी आहे म्हणतात पण माझ्या सासरी साताऱ्याकडे कुणी वापरताना मी बघितलं नाही.

फड_बीड
मी केज तालुक्यातला. आई-वडील दोघं ऊसतोडीला जातात, मी पण नववीपर्यंत गेलोय त्यांच्याबरोबर. आता खाजगी क्लासवर शिकवतो.

इथे सगळे म्हणताहेत बाईला काम मिळालं की गॅस येतो. माझी आई जेवढं काम करते तेवढं या धाग्यावरच्या कुणी केलं नसेल, हे घमेंडीने नाही सांगत. पण तिच्या कामावर गॅस येत नाही आणि का येत नाही ते सांगतो.

दिवाळीच्या आसपास टोळी निघते, गुढीपाडव्यापर्यंत बाहेर. कारखान्याजवळ कोप्या टाकतात, बांबू, पाचट (उसाची वाळलेली पानं) आणि वर प्लास्टिक. आई तीनला उठते. तीन दगडांची चूल, उघड्यावर, डिसेंबरच्या थंडीत. जळण म्हणजे पाचट आणि काटक्या. पाचट कसं जळतं माहितीय का, भडकन पेटतं आणि पाच मिनिटात राख, म्हणून सारखं एका हाताने पाचट सारत दुसऱ्या हाताने भाकरी. वीस-बावीस भाकरी एकदम, सकाळच्या आणि दुपारच्या. पाचला गाडीत. दिवसभर वडील तोडतात, आई मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. रात्री आठ-नऊला परत आल्यावर पुन्हा चूल.

गॅस आहे आमच्याकडे, उज्ज्वलाचाच, आईच्या नावावर. केजला घरात, कुलपात. पत्ता तिथला, टाकी तिथली. वर्षातले पाच-सहा महिने आम्ही तिथे नसतोच.

आणि पैशांचं. उचल मुकादमाकडून घेतात ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. पैसे वडिलांच्या हातात, तेही आधीच, पावसाळ्यातच खर्च झालेले असतात, दवाखाना, बहिणीचं लग्न. आई सहा महिने राबते ते फिटवण्यासाठी. अर्धा कोयता तिचा, पण तिच्या नावावर वेगळा एक रुपया कुठे लिहिलेला नाही. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून जे सुटे पैसे मिळतात तेवढेच तिचे, त्यातून मीठ-मिरची आणते.

म्हणून मी म्हणतो काम असणं आणि मजुरी तिच्या हातात पडणं हे वेगळं आहे. गोदाकाठ ताईंच्या वहिनीचे पैसे तिच्या खात्यात येतात, सोलापूरच्या अम्मांना हजारामागे मिळायचे. माझ्या आईचे कोयत्यात विरघळतात.

सांख्यिक
फड_बीड, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझ्या सगळ्या आकड्यांत तुमची आई 'काम करणारी' म्हणून बसते, आणि 'स्वच्छ इंधन वापरणारं घर' म्हणून पण बसू शकते, कारण पाहणीवाला केजच्या घरी गेला तर गॅस दिसेल. महाराष्ट्राचा आकडा २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत ७९.७ टक्के घरं स्वच्छ इंधनाची असा आहे. तुमची कोपी त्यात कुठेच नाही.

गोदाकाठ
दादा, मी इतका वेळ गप्प होते. मी धागा काढला तेव्हा काम आधी की गॅस आधी एवढंच विचारलं होतं, ते कमी पडलं हे मान्य. पैसे कुणाच्या हातात पडतात आणि किती किती दिवसांनी पडतात, हे विचारायला हवं होतं.

वहिनीशी काल बोलले. आता लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात तिला, अन्नपूर्णा योजनेच्या फुकट टाक्या पण. मी विचारलं की कशाने जास्त फरक पडला. म्हणाली टाकी फुकट मिळाली तर आनंदच आहे पण ती पुरवून पुरवून वापरावीशी वाटते, सणाला ठेवावीशी वाटते. स्वतःच्या पैशाची भरलेली असली की हात आखडत नाही, सासूबाई पण काही बोलत नाहीत. ही एका बाईची गोष्ट आहे, नियम म्हणून सांगत नाही.

आणि तुमच्या आईचं कनेक्शन दुसऱ्या ठिकाणी नेता येत नाही का? २०२१ ला उज्ज्वला दुसऱ्यांदा आली तेव्हा स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणा चालेल असं होतं.

फड_बीड
ताई ते नवीन कनेक्शनसाठी, आणि आईच्या नावावर आधीच आहे म्हटल्यावर दुसरं मिळत नाही.

वऱ्हाडी_माती
भाऊ, इंडियन ऑइलची पाच किलोची येते ना, छोटू नावाची. तिला पत्त्याचा पुरावा लागत नाही, नुसतं ओळखपत्र. सबसिडी नाही पण पेट्रोल पंपावर मिळते आणि दुसऱ्या गावात पण बदलून मिळते. आमच्याकडे रस्त्याच्या कामावरचे मजूर वापरतात.

फड_बीड
हे माहीत नव्हतं. कोपी पाचटाची आहे, आग लागायची भीती आहे, म्हणून वडील घेऊ देणार नाहीत असं आई म्हणाली, आत्ताच फोन केला. पण तीन दगडांची चूल तर कोपीच्या दारातच असते. बाहेर तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा केला तर चालेल का?

वऱ्हाडी_माती
चालेल, पण टाकी उभीच ठेवायची, आडवी नाही, आणि पाचटापासून लांब. चुलीची राख त्या बाजूला टाकायची नाही. शेगडीचा पाइप चांगला घ्या, स्वस्तातला नको. आणि पत्रा वाऱ्याच्या बाजूला, नाहीतर ज्योत टिकणार नाही.

विडीवाली_पोर
फड_बीड दादा, पहिली टाकी आणि शेगडी मिळून किती होतात ते विचारून इथे लिहा. भाकरी वीस-बावीस असतील तर बर्नर मोठा लागेल, छोट्या शेगडीवर एवढा तवा बसत नाही.

फड_बीड
उद्या केजला पंपावर जाऊन विचारतो. आईबरोबरच्या दोघी पण म्हणतायत तिघीत एक घेऊ, सकाळचा चहा आणि पोरांचं दूध तरी त्याच्यावर होईल. पैसे वाढ्याच्या पैशांतून काढणार आहेत, वडिलांना सांगणार नाही म्हणाली आई, आधी घेऊन मग सांगेन.